लोकपालाला निरोप

ज्या पक्षाचा जन्मच लोकपालाच्या मागणीतून झाला, त्या पक्षाने स्वतःच्या लोकपालाला बैठकीला येऊ नका असा निरोप मोबाइलवर धाडला, ही गोष्ट मार्च 2015 मधली. निरोप मिळाला तो अॅडमिरल लक्ष्मीनारायण रामदास यांना. 1990 ते 1993 या काळात ते नौदलप्रमुख होते. निवृत्तीनंतर अलिबागजवळ त्यांनी घर केले होते, 2004 चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळालेला होता आणि आम आदमी पक्षाचे ते अंतर्गत लोकपाल होते. आपण आलात तर संघर्ष होईल, असे कारण त्यांना कळवण्यात आले. 28 मार्चला दिल्ली-गुडगाव सीमेवर कापसहेडा येथे पक्षाची राष्ट्रीय परिषद भरली. योगेंद्र यादव, प्रशांत भूषण, प्रा. आनंद कुमार आणि अजित झा या चौघांना राष्ट्रीय कार्यकारिणीतून काढण्याचा ठराव 247 विरुद्ध 10 मतांनी संमत झाला. दुसऱ्याच दिवशी रामदास यांच्या जागी तिघांचे नवे लोकपाल मंडळ आले. 20 एप्रिलला चौघांची पक्षातूनच हकालपट्टी झाली.

तेव्हा सगळ्यांचे लक्ष यादव-भूषण या जोडीकडे होते. ते स्वाभाविकही होते, कारण दोघे संस्थापकांपैकी. पण त्या आठवड्यातली खरी बातमी लोकपालाची होती. नेते भांडतात, वेगळे होतात, नवे पक्ष काढतात. राजकारणात यात नवल नाही. भांडणाचा निवाडा करणाराच बाजूला सारला जातो, तेव्हा मात्र पक्षाचा स्वभाव बदललेला असतो. आम आदमी पक्षाचा तो तेव्हा बदलला. त्यानंतरच्या दहा वर्षांत इतर पक्षांपेक्षा आपण वेगळे आहोत हे सांगायला त्याच्याकडे फारसे काही उरले नाही.

अंतर्गत लोकपाल हे पक्षघटनेतले शोभेचे कलम नव्हते, हे आधी सांगायला हवे. दिल्ली विधानसभेच्या फेब्रुवारी 2015 च्या निवडणुकीपूर्वी प्रशांत भूषण यांनी बारा उमेदवारांच्या चारित्र्याबद्दल हरकत घेतली. प्रकरण रामदास यांच्याकडे गेले. त्यांनी दोघांची उमेदवारी रद्द ठरवली आणि निवडणूक तोंडावर असतानाही पक्षाने ते मानले. अर्ज भरण्याच्या घाईत, तिकिटांच्या बाजारात, एका निवृत्त अधिकाऱ्याच्या शब्दावरून जाहीर उमेदवार मागे घेणारा दुसरा पक्ष शोधून सापडणार नाही. 70 पैकी 67 जागा आल्या. लोकपालामुळे पक्षाचे नुकसान झाले, असे म्हणायला कोणाला जागा नव्हती.

मग बिघडले कुठे? उमेदवारांची तक्रार खालच्या लोकांबद्दल होती. फेब्रुवारीच्या अखेरीस रामदास यांनी कार्यकारिणीला जे पत्र लिहिले, ते वरच्या लोकांबद्दल होते. नेतृत्वात दोन तट पडले आहेत, संवाद तुटला आहे, मुख्यमंत्रिपद आणि पक्षाचे संयोजकपद एकाच माणसाकडे असावे का याचा विचार व्हावा, असे मुद्दे त्यात होते. पत्र फुटले. लोकपालाने दिलेला हा घरचा आहेर श्रेष्ठींना रुचला नाही. जानेवारीत ज्याचा शब्द प्रमाण होता, तो मार्चमध्ये अडचण ठरला. दोन्ही वेळा माणूस तोच, अधिकार तोच, पक्षघटना तीच. फक्त बोट कोणाकडे दाखवले गेले, एवढाच फरक.

4 मार्चच्या कार्यकारिणीच्या बैठकीत यादव आणि भूषण यांना राजकीय व्यवहार समितीतून 11 विरुद्ध 8 मतांनी काढण्यात आले. अरविंद केजरीवाल प्रकृतीच्या कारणाने तिथे नव्हते. त्या बैठकीत काय झाले ते बाहेर आले मुंबईच्या मयंक गांधी यांच्यामुळे. ते स्वतः तटस्थ राहिले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी उघडपणे लिहिले की, समितीची फेररचना करून नव्याने निवडणूक घ्यावी आणि त्यात हे दोघे उभे राहणार नाहीत, किंवा समिती तशीच ठेवून दोघांनी बैठकांना येऊ नये, असे दोन मार्ग पुढे आले होते. म्हणजे दोघे स्वतःहून बाजूला व्हायला तयार होते. तरीही मध्ये थोडी सल्लामसलत होऊन त्यांना काढण्याचा ठराव मनीष सिसोदिया यांनी मांडला आणि संजय सिंह यांनी अनुमोदन दिले, असे गांधी यांचे म्हणणे. हे दोघे समितीत असतील तर मला संयोजक म्हणून काम करता येणार नाही, असा केजरीवाल यांचा निरोप होता, हेही त्यांनीच लिहिले. बाजूला होणाऱ्याला बाजूला होऊ द्यायचे नाही, त्याला काढायचेच, हा हट्ट कशासाठी? ज्यांना काढायचे त्यांच्यासाठी तो नसतोच. उरलेल्यांना कळावे म्हणून असतो.

पक्षाची बाजूही मांडायला हवी, कारण ती क्षुल्लक नव्हती. भूषण यांनी ऐन प्रचारात देणगीदारांना आणि कार्यकर्त्यांना दिल्लीला येण्यापासून परावृत्त केले, यादव यांनी केजरीवाल यांच्याविरुद्ध बातम्या पेरल्या, असे आरोप होते. प्रशांत यांचे वडील शांती भूषण यांनी निवडणुकीच्या तोंडावर भाजपच्या किरण बेदी यांची उघड स्तुती केली होती, ही तर सर्वांदेखत घडलेली गोष्ट. निवडणूक चालू असताना आपल्याच पक्षाला पाडायला निघालेला नेता कोणताही पक्ष खपवून घेणार नाही, घेऊही नये. शिस्तीशिवाय पक्ष म्हणजे नुसती गर्दी. 67 आमदारांचा सत्ताधारी पक्ष चर्चामंडळासारखा चालवता येत नाही, हे केजरीवाल समर्थकांचे म्हणणे मान्य करायला हरकत नाही.

पण आरोप जेवढा गंभीर, तेवढा तो तपासणारा निःपक्ष हवा. आरोप तपासायला पक्षाकडे लोकपाल होता. त्याच्यापुढे प्रकरण ठेवले असते आणि त्याने या चौघांना दोषी धरले असते, तर त्यांना बोलायला जागा उरली नसती. तसे झाले नाही. परिषदेत केजरीवाल यांनी भाषण केले आणि ते निघून गेले, मग ठराव आला. आपल्या समर्थक सदस्यांना आत सोडत नाहीत म्हणून यादव सकाळीच दाराबाहेर धरणे धरून बसले होते. चर्चा झाली नाही, गुप्त मतदान झाले नाही, अशी त्यांची नंतरची तक्रार. पुढे हकालपट्टीचा निर्णय दिला तो शिस्तपालन समितीने. तिच्यात दिनेश वाघेला, पंकज गुप्ता आणि आशिष खेतान असे तिघे. यातल्या दोघांशी आपला थेट वाद असताना ते आपला न्याय कसे करणार, हा भूषण यांचा आक्षेप होता. फिर्यादीनेच निकाल लिहिला, तर तो बरोबर असला तरी त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

247 विरुद्ध 10 हे आकडे पक्षाने मोठ्या अभिमानाने सांगितले. बहुमताने धोरण ठरते, उमेदवार ठरतात, आघाडी करायची की नाही हे ठरते. एखादा माणूस दोषी आहे की नाही, हे हात वर करून ठरवायची गोष्ट नव्हे. त्यासाठी आरोपपत्र लागते, पुरावा लागतो, त्याचे म्हणणे ऐकावे लागते. एवढी साधी गोष्ट ज्या पक्षात नामवंत वकील आणि माजी सनदी अधिकारी होते त्याला कळत नव्हती, असे कोण म्हणेल? कळत होती, म्हणून तर लोकपालाला आधी दूर ठेवले गेले.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर त्या वर्षाने इथल्या पक्षाचा कणाच मोडला. 2014 च्या लोकसभेत नागपुरात नितीन गडकरी यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या अंजली दमानिया यांनी 11 मार्च 2015 रोजी राजीनामा दिला. मुंबई ईशान्य मतदारसंघातून लढलेल्या मेधा पाटकर कापसहेड्याच्या बैठकीच्याच दिवशी बाहेर पडल्या. मुंबई वायव्येतून लढलेले मयंक गांधी नोव्हेंबरमध्ये कार्यकारिणीतून गेले. रामदास तर लोकपालपदावरून आधीच गेले होते. या चौघांचे विचार एक नव्हते, स्वभाव तर मुळीच नव्हते. चळवळीतून आलेली, पद नसले तरी चालणारी माणसे एवढेच त्यांच्यात सारखे. अशा माणसांवर शिस्तीचा बडगा चालत नाही, कारण त्यांच्याकडून काढून घेण्यासारखे पक्षाजवळ काही नसते. ती निघून जातात. राहतात ते ज्यांना काही हवे असते.

यावर केजरीवाल यांचा समर्थक म्हणेल, पण मग 2020 मध्ये 62 जागा कशा आल्या? 2022 मध्ये पंजाबात 117 पैकी 92 कशा आल्या? एप्रिल 2023 मध्ये राष्ट्रीय पक्षाचा दर्जा कसा मिळाला? प्रश्न रास्त आहे. मतदाराने या हकालपट्टीची शिक्षा पक्षाला दिली नाही. त्याला शाळा, दवाखाना, विजेचे बिल महत्त्वाचे वाटले, आणि त्यात त्याचे काही चुकले नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये पक्ष 22 जागांवर आला आणि केजरीवाल स्वतः नवी दिल्लीत हरले, त्याचा संबंध थेट 2015 शी जोडणे हा सोयीचा इतिहास होईल. दहा वर्षांच्या सत्तेविरुद्धची नाराजी, नायब राज्यपालांशी चाललेली कुरघोडी, अटका, भाजपची ताकद अशी कारणे पुष्कळ आहेत.

लोकपाल गेल्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागली. संयोजक सलग दोनच वेळा होता येईल, अशी मर्यादा पक्षाने स्वतःच्या घटनेत घातली होती. जानेवारी 2021 मध्ये ती काढण्यात आली आणि सप्टेंबरमध्ये केजरीवाल तिसऱ्यांदा संयोजक झाले. रामदास यांनी एक माणूस, दोन पदे हा प्रश्न विचारला होता. सहा वर्षांनी मुदतीची अटही उरली नाही आणि पक्षात त्यावर हूं की चूं झाले नाही. ज्या खेतान यांनी शिस्तपालन समितीत बसून यादव-भूषण यांना बाहेरचा रस्ता दाखवला, ते आणि आशुतोष दोघेही 2018 मध्ये पक्ष सोडून गेले. कुमार विश्वास कडेला पडले. 21 मार्च 2024 ला केजरीवाल यांना अटक झाली आणि सप्टेंबरपर्यंत त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडले नाही. त्या खटल्याचे काय व्हायचे ते न्यायालयात होईल. पण तुरुंगातून राज्यकारभार चालवावा का, या राजकीय प्रश्नावर पक्षातून एकही जबाबदार आवाज उघडपणे वेगळे काही बोलला नाही. नाही म्हणणारी माणसे 2015 मध्येच संपली होती. नेत्याला सावध करणारा कोणी उरू न देणे ही शिस्त नव्हे; ती नेत्याचीच हानी आहे, उशिरा कळणारी.

आम आदमी पक्षाला एकट्याला झोडपणे मात्र अन्यायाचे होईल. त्याने जे केले ते दिल्लीतल्या जुन्या पक्षांकडून शिकून केले. 20 मे 1999 रोजी काँग्रेसने शरद पवार, पी. ए. संगमा आणि तारिक अन्वर यांना सहा वर्षांसाठी काढले. ऑक्टोबरमध्ये त्याच पवारांच्या नव्या पक्षाला बरोबर घेऊन विलासराव देशमुख यांचे सरकार मुंबईत आले. सहा वर्षांचा गुन्हा पाच महिन्यांत माफ! शिस्तीचे गांभीर्य किती, ते यावरून कळावे. ऑगस्ट 2009 मध्ये भाजपने जसवंत सिंह यांना जिनांवरच्या पुस्तकावरून सिमल्याच्या चिंतन बैठकीत काढले आणि तसे त्यांना फोनवर कळवले. पुढच्याच वर्षी परत घेतले. ऑगस्ट 2020 मध्ये तेवीस काँग्रेसजनांनी पूर्णवेळ आणि दिसणारे नेतृत्व द्या असे सोनिया गांधींना लिहिले. त्यात पृथ्वीराज चव्हाण, मुकुल वासनिक, मिलिंद देवरा हे आपले तिघे होते. कार्यकारिणीत पत्रातल्या मजकुरापेक्षा पत्र लिहिण्याच्या वेळेवर आणि निष्ठेवर जास्त खल झाला. तरी काँग्रेसच्या पदरात एक श्रेय टाकावे लागेल. ऑक्टोबर 2022 मध्ये तिथे अध्यक्षपदासाठी खरे मतदान झाले. खर्गे यांना 7897 आणि शशी थरूर यांना 1072 मते पडली. हरलेला उमेदवार पक्षात राहिला, कार्यकारिणीतही आला. एवढ्याने पक्ष बुडत नाही, हे त्यातून दिसले.

आपल्या कायद्यात या बाबतीत एक मोठी विसंगती आहे. 1985 च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले. तेव्हापासून पक्षाचा व्हीप मोडणाऱ्या आमदार-खासदाराचे सदस्यत्व जाऊ शकते. म्हणजे पक्षाच्या आदेशाला राज्यघटनेचे बळ मिळाले. हा आदेश काढणारे नेतृत्व कसे निवडले गेले, त्याला कोण जाब विचारणार, याबद्दल मात्र अक्षर नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 29-अ कलमाखाली नोंदणी करताना पक्ष लोकशाहीवर निष्ठा वाहतो आणि मग ती शपथ कपाटात जाते. शपथ मोडली तरी नोंदणी रद्द करण्याचा सर्वसाधारण अधिकार निवडणूक आयोगाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सांगितले. त्याआधी, 1999 मध्येच, विधी आयोगाने आपल्या 170 व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाहीसाठी कायदा सुचवला होता. कोणत्याही रंगाच्या सरकारने त्याला हात लावला नाही. का लावतील?

जर्मनीने हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला. हिटलरच्या पक्षाचा अनुभव घेतलेल्या त्या देशाने पक्षांची अंतर्गत रचना लोकशाही तत्त्वांना धरून असली पाहिजे, हे थेट राज्यघटनेत लिहिले. 1967 च्या पक्षविषयक कायद्यानुसार सदस्याला काढायचे ते पक्षाच्या लवादाने, आणि त्या लवादावर कार्यकारिणीतला माणूस बसू शकत नाही. पक्षाच्या पगारावरचाही नाही. थिलो साराझिन हे सोशल डेमोक्रॅट पक्षाचे नेते स्थलांतरितांविषयीच्या लिखाणामुळे पक्षाला नकोसे झाले होते. त्यांना काढण्याचे दोन प्रयत्न फसले. तिसरा यशस्वी व्हायला 2020 साल उजाडले. श्रेष्ठींना हे फार त्रासाचे वाटेल. पण साराझिन यांना काढले तेव्हा त्यांच्यावर अन्याय झाला, असे फारसे कोणाला म्हणता आले नाही.

अंतर्गत न्यायव्यवस्था नसली की शेवटी काय होते, ते महाराष्ट्राने याची देही पाहिले आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिले. तेव्हा पक्षाची 2018 ची घटना आपल्याकडे नोंदलेलीच नाही आणि तीत पदाधिकारी निवडण्याची पद्धत लोकशाहीला धरून नाही, असे आयोगाने म्हटले. पक्षघटनेची कसोटी बाजूला पडली आणि आमदार-खासदारांची डोकी मोजली गेली. जानेवारी 2024 मध्ये विधानसभा अध्यक्षांनी 1999 ची घटना प्रमाण धरली. फेब्रुवारीत राष्ट्रवादीच्या बाबतीतही संख्याबळच निर्णायक ठरले. या निर्णयांशी मतभेद असू शकतो, आमचेही काही आहेत. पण एक गोष्ट नाकारता येत नाही: सगळे अधिकार एका हाती असले की नेता बलवान होतो असे सगळ्यांना वाटत होते, आणि फूट पडली तेव्हा नेमके तेच केंद्रीकरण त्याच्याविरुद्धचा युक्तिवाद झाले. ज्याने खऱ्या निवडणुका घेऊन, नोंदी ठेवून, अपिलाची सोय करून पक्ष चालवला असता, त्याला आपला पक्ष आपला आहे हे सिद्ध करायला आमदार मोजावे लागले नसते.

म्हणून मागणी मोठी नाही. सदस्याला काढण्याचा अंतिम अधिकार ज्या मंडळाकडे असेल, त्याच्या सभासदांची नेमणूक संयोजकाने, अध्यक्षाने किंवा पक्षप्रमुखाने करू नये, ठरलेल्या मुदतीआधी त्यांना कोणी काढू नये, आणि त्यांच्यापुढे नेत्याविरुद्धची तक्रारही तितक्याच सहज जावी जितकी कार्यकर्त्याविरुद्धची जाते. एवढे ज्या पक्षाच्या घटनेत नसेल आणि आचरणात दिसणार नाही, त्याच्या व्हीपला दहाव्या परिशिष्टाचे संरक्षण का मिळावे, हा प्रश्न संसदेने स्वतःला विचारला पाहिजे. ती विचारेल अशी आशा नाही. मग तो कार्यकर्त्यानेच विचारावा. पक्षाचा सदस्यता अर्ज भरण्यापूर्वी, टोपी घालण्यापूर्वी, उपरणे गळ्यात पडण्यापूर्वी त्याने एवढेच विचारावे: उद्या मला काढायचे ठरले तर माझे म्हणणे कोण ऐकणार, आणि त्या ऐकणाऱ्याला काढण्याचा अधिकार कोणाकडे आहे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नेत्याचे नाव असेल, तर पहिल्या प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहू नये.